शब्दचर्चा : 'अफूची गोळी' म्हणजे नेमकी कुठली गोळी?

प्रश्न

'जातीची अफूची गोळी', 'क्रिकेटची अफूची गोळी' असं अग्रलेखांत नि भाषणांत सर्रास येतं. मूळ वाक्य कार्ल मार्क्सचं, 'धर्म ही लोकांची अफू आहे'; पण त्यात गोळी नाही, नुसती अफू आहे. मग मराठीत ही गोळी आली कुठून? आणि अफू, अहिफेन, पोस्त, खसखस हे सगळे शब्द एकाच झाडाचे का?

प्रतिसाद

झाड एकच, शब्द त्याच्या वेगवेगळ्या भागांचे. फुलाच्या पाकळ्या गळाल्या की मागे राहतं ते बोंड. बोंड हिरवं असताना दुपारनंतर त्याच्यावर उभ्या बारीक चिरा देतात. त्यातून पांढरा चीक पाझरतो, रात्रभरात तो तपकिरी आणि चिकट होतो, सकाळी खरवडून घेतात. ती अफू. वाळलेल्या बोंडाचं टरफल म्हणजे पोस्त. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे त्याला डोडा म्हणतात. आतलं बी ती आपली खसखस. नशा चिकात असते, बियांत नाही. बियांना लागलेला असतो तो चिकाचा अंश.

शब्दाचं मूळ ग्रीक. 'ओपोस' म्हणजे रस, त्यावरून 'ओपियॉन', अरबीत 'अफ्यून', तिथून अफीम आणि अफू. 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, हे ऐकायला फार प्राचीन वाटतं. पण चरक-सुश्रुतांत अफू नाही; ती शार्ङ्गधरसंहिता या मध्ययुगीन ग्रंथाच्या काळात आपल्या वैद्यकात दिसू लागते. त्यामुळे 'अहिफेन' हा 'अफ्यून'वर चढवलेला संस्कृत साज असावा, हेच मत मला पटतं.

प्रतिसाद

गोळीबद्दल मी लिहिते. मी दुर्धर आजारांच्या रुग्णांची शुश्रूषा करते, त्यामुळे या शब्दाशी माझा रोजचा संबंध येतो.

मार्क्सने ते १८४३-४४ साली लिहिलं. तेव्हा युरोपात अफूचा अर्क औषधांच्या दुकानात उघड मिळत असे. दुखणं, खोकला, जुलाब, सगळ्यांवर तोच. त्याच परिच्छेदात तो धर्माला पिचलेल्या जीवाचा सुस्कारा म्हणतो. म्हणजे त्याच्या अफूत गुंगी आहे, तसा दुखण्यावरचा उतारही आहे.

मराठीत हा दुसरा अर्थ पार पुसला गेला. आपल्याकडे अफूची गोळी कुणीतरी कुणाला तरी 'देतं' किंवा 'चारतं'. क्रियापद बघा: घेणारा अजाण, देणारा धूर्त. याचं कारण, माझ्या मते, आपल्या घरांतच आहे. चीनमध्ये अफू ओढत, आपल्याकडे ती मुख्यतः खात, म्हणून गोळीच तोंडात बसली. शिवाय मुंबईत गिरणीत जाणाऱ्या कितीतरी बायका तान्ह्या पोराला अफू घातलेली 'बाळागोळी' देत. दिवसभर मशीनवर उभं राहायचं, पाळणाघर नाही, पोर रडलं तर बघणार कोण? १९२०च्या दशकातल्या सरकारी अहवालांत या बाळागोळीची नोंद आहे. त्या बायकांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. पण रडणाऱ्याला भूक भागवून नव्हे तर गुंगवून गप्प करायचं, ही आपल्या वाक्प्रचारातली नेमकी छटा त्या गोळीत पुरती आहे.

प्रतिसाद

थोडं अवांतर, पण उपयोगाचं. 'खस' आणि 'खसखस' यांची गल्लत करू नये. सरबतातलं 'खस' म्हणजे आपला वाळा, ते गवताचं मूळ. आणि परदेशी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा : संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं हा गुन्हा आहे. दिवाळीचे अनारसे दुबईला पाठवताना हे घरच्यांना सांगाच.

आपल्याकडे घरी पेरणं हाही गुन्हाच. मसाल्यासाठी खसखस लावली म्हणून कायदा वेगळा होत नाही, कारण पीक तेच. परवान्याने लागवड फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्रात परवानाच मिळत नाही.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. ताई, तुमच्याकडे दुखणं कमी करायला मॉर्फीन देतात तीही शेवटी अफूच ना? आणि 'अमली' बरोबर की 'अंमली'?

प्रतिसाद

दुसरं आधी. अरबी 'अमल'चा अर्थ कृती, अधिकार चालवणं. मराठीत तो 'अंमल' झाला आणि दोन वाटांनी गेला : राज्याचा अंमल आणि नशेचा अंमल. 'अंमलबजावणी' अनुस्वाराने लिहितो, मग 'अंमली' लिहायला काय हरकत? 'अमली'ही चालतं, दोन्ही छापलेली दिसतात.

आता पहिलं. तुम्ही विचारलंत तेच मला रुग्णांचे नातेवाईक विचारतात, आणि तिथे या शब्दाने जीव कासावीस होतो. हाडात पसरलेला कॅन्सर, कूस बदलता येत नाही, मॉर्फीनची गोळी दर चार तासांनी लिहून दिलेली. मुलगा कागद वाचतो, मोबाइलवर शोधतो आणि म्हणतो, 'सिस्टर, ही अफू आहे, आईला व्यसन लागेल.' मग चारची गोळी सहाला, सहाची रात्री. आई कण्हत राहते.

मॉर्फीन अफूतून निघते हे खरं. सुक्या चिकाचा साधारण दहावा हिस्सा तीच असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या सेर्ट्युर्नरने ती वेगळी काढली आणि स्वप्नांचा देव मॉर्फिअस याच्यावरून नाव दिलं. खोकल्याच्या औषधातलं कोडीनही त्याच चिकातलं. मॉर्फीनवर प्रक्रिया करून हेरॉइन केलं; १८९८पासून तेही खोकल्याचं औषध म्हणूनच बाजारात आलं. त्याचं भेसळीचं रूप, ब्राउन शुगर, १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात पसरलं. त्याला आपण 'गर्द' म्हणालो, ओढणाऱ्याला 'गर्दुल्ला'. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते याच लाटेत.

म्हणून माझी विनंती अशी. औषधाला मॉर्फीनच म्हणा, अफू म्हणू नका. आणि 'व्यसन' हा शब्द जपून वापरा. मराठीत सवय, चटक, व्यसन असे तीन शब्द आहेत, ते वाया घालवू नका. बरेच दिवस मॉर्फीन घेतलेल्या शरीराला सवय लागते. एकदम बंद केली तर त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी करतात. ते व्यसन नव्हे. नुकसान दिसत असूनही माणूस त्याच्याच मागे धावतो, ते व्यसन. वेदनेपुरती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ते क्वचित घडतं.

या भीतीने कायदाही घडवला. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फीन ठेवायला इतके परवाने लागू लागले की बहुतेक रुग्णालयांनी ती ठेवणंच सोडलं. अफू पिकवून जगाला विकणाऱ्या देशात आपलेच रुग्ण तळमळत राहिले. २०१४च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी लहान गावांत ती आजही सहज मिळत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

प्रतिसाद

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक भर. ओपिएट आणि ओपिऑइड या दोन्हींना सरसकट 'अफूजन्य' लिहितात, ते चुकीचं आहे. मॉर्फीन, कोडीन ही चिकातली, म्हणून ती ओपिएट, म्हणजे अफूजन्य. फेंटानिल, ट्रामाडॉल ही वेदनाशामकं कारखान्यात बनतात, झाडाशी त्यांचा संबंध नाही. फक्त शरीरात त्यांचं काम तसंच चालतं. सगळ्या गटाला मिळून, म्हणजे ओपिऑइडसाठी, मी 'अफूसम' वापरतो. याहून चांगला शब्द कुणाकडे असेल तर जरूर सांगा.