मदत हवी आहे: जुना फाइव्ह-डी, हेलिओस लेन्स आणि फोकस

नमस्कार मंडळी. पांढरकवड्याजवळच्या खेड्यात राहतो. कॅननचा २००५ चा पहिला फाइव्ह-डी कॅमेरा वापरतो, त्यावर एम४२ अडॅप्टर (जुन्या स्क्रूच्या लेन्स बसवायची कडी) लावून हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स (५८ मिमी, एफ/२). पऱ्हाटीत वेचणी चालू असताना मागच्या पानांतला उजेड ही लेन्स अशी काही गोल फिरवते की बघतच राहावं!

अडचण फोकसची आहे. एफ/२ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, व्ह्यूफाइंडरमध्ये डोळे स्पष्ट दिसतात, फोटोत मात्र कान स्पष्ट येतात. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून फोकस करायची सोय) यात नाही. व्ह्यूफाइंडरमधला मूळ फोकसिंग स्क्रीन एफ/२ ची खरी डेप्थ (किती भाग स्पष्ट येईल ते) दाखवत नाही, म्हणून कॅननचा ईई-एस स्क्रीन (हाताने अचूक फोकस करण्यासाठीचा) बसवावा म्हणतो. कोणी बसवलाय का? एफ/५.६ च्या, कमी उजेड घेणाऱ्या झूमवर फारच अंधार होतो का? आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून गावाकडे काय करता?