गोडबोले परिवार ग्रुप: ‘हॉट, कूल अँड व्हिशस’ वाजत का नाही?

१० नोव्हेंबर २०२५

मुग्धा (न्यू जर्सी): अनिकेत, तुझी लिंक परत बंद. तिसऱ्यांदा सांगतेय. सॉल्ट-एन-पेपा या अमेरिकन महिला रॅप गटाच्या या अल्बममधली सगळी गाणी फिकट दिसतात, दाबलं तरी ढिम्म. शनिवारी मुलींची नाचाची प्रॅक्टिस आहे.

अनिकेत: ताई, इथे पुण्यात व्यवस्थित वाजतंय. ॲप अपडेट कर, लॉग-आउट होऊन परत ये.

मुग्धा: दोन्ही करून झालं.

सौरभ: अपडेटचा काही संबंध नाही. सॉल्ट-एन-पेपाची ती गाणी अमेरिकेत स्ट्रीमिंगवरून काढलीत. मे २०२५ मध्ये गटातल्या दोघी रॅपरांनी युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीवर न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा लावला, मूळ रेकॉर्डिंगचे हक्क परत मिळावेत म्हणून. परवा ८ तारखेला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या स्टेजवरूनही त्या यावर बोलल्या.

वसंतकाका: आधी कागद बघा. सही कोणी केली?

मंदाआत्या: शुभ सकाळ सर्वांना. चकलीचे दोन स्टीलचे डबे कोणाकडे राहिलेत? झाकणावर मं. गो. कोरलंय.

शैलावहिनी: वसंतभावजी, तोच कळीचा मुद्दा आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कलम २०३ आहे. कलाकृती घडवणाऱ्याने स्वतः हक्क दिले असतील तर ३५ वर्षांनी तो करार मोडता येतो. त्यासाठी तिथून पुढे पाच वर्षांची मुदत असते, आणि नोटीस किमान २ वर्षं, जास्तीत जास्त १० वर्षं आधी द्यावी लागते. अल्बम ८ डिसेंबर १९८६ चा, त्यात ३५ मिळवले की २०२१. यांनी २०२२ मध्ये नोटिसा दिल्या. पण काम ‘नोकरीत केलेलं’ ठरलं तर हे कलम लागूच होत नाही. आणि हक्क देणारी व्यक्ती ती कलाकृती घडवणारीच असावी लागते.

वसंतकाका: म्हणजे सही कोणाची?

शैलावहिनी: तिथेच अडलंय. नेक्स्ट प्लॅटो या रेकॉर्ड कंपनीशी (तिचे हक्क पुढे युनिव्हर्सलकडे आले) करार होता संगीत निर्माता हर्बी अझोरच्या कंपनीचा. या दोघींचा करार अझोरच्या कंपनीशी. युनिव्हर्सलचं म्हणणं, या दोघींनी आम्हाला काही दिलंच नाही, तर परत काय मागता?

वसंतकाका: वीस वर्षं मी हेच सांगतोय. सही कोणी केली ते बघा.

अनिकेत: काका, प्रत्येक विषयात गुहागरचा तो जुना वाद आणायलाच हवा का?

वसंतकाका: मी गुहागरचं नाव घेतलं नाही. तू घेतलंस.

मंदाआत्या: बाबांनो, सणासुदीचे दिवस आत्ताच गेलेत. आणि डबे?

शैलावहिनी: आपल्याकडे भारतीय कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ वाचून ठेवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गाणं करणाऱ्या पोरांनी सही करण्याआधी या दोन ओळी शोधाव्यात.

मुग्धा: वहिनी, मनापासून आभार. पण मला शनिवारी गाणं लागणार आहे. कायदा त्यानंतर.

सौरभ: जुनी एलपी किंवा सीडी घे, त्यावर हा खटला चालत नाही. फक्त एक सांभाळ. तुला ‘पुश इट’ हवंय ना? १९८६ च्या पहिल्या छपाईत ते नाहीच. ‘ट्रॅम्प’च्या सिंगलची ती मागची बाजू होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅमेरॉन पॉल या डीजेने रीमिक्स केलं, रेडिओवर गाजलं, मग नंतरच्या आवृत्तीत घातलं. विकणाऱ्याकडून मागच्या कव्हरचा फोटो मागव, यादीत नाव दिसलं तरच पैसे दे. ‘पहिली छपाई, दुर्मीळ’ वाचून भुलू नकोस.

अनिकेत: पण नुसत्या ‘पुश इट’वर हा अल्बम मोजू नका. ‘ट्रॅम्प’ ऐका. ओटिस रेडिंग आणि कार्ला थॉमसचं १९६७ चं भांडणाचं गाणं. या अल्बमवर दोघी मिळून, बायकांमागे लागणाऱ्या प्रत्येक पुरुषाचा समाचार घेतात. ‘माय माइक साउंड्स नाइस’मध्ये एकीचं वाक्य दुसरी उचलते, बघत राहावं. स्त्री रॅपरांचा प्लॅटिनम झालेला पहिला अल्बम आहे हा. तो त्यांच्याच देशात ऐकता येऊ नये याचा मला फार राग येतो.

मुग्धा: मलाही. इथे एका दुकानात एलपी आहे, फोटो मागवते. रेकॉर्डवरून लॅपटॉपवर घ्यायचं कसं?

वसंतकाका: विचारलंस ते बरं केलंस. प्लेअरच्या मागे फोनो/लाइन असं बटण असेल तर ते लाइनवर ठेव. नसेल तर मध्ये फोनो प्रीॲम्प लागेल. रेकॉर्डवर खाच कोरताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त ठेवतात, प्रीॲम्प ते पूर्ववत करतो. तो वगळलास तर आवाज पत्र्यासारखा येईल आणि या अल्बमचा ड्रम मेलाच म्हणून समज. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झ, पातळीचं टोक उणे ६ डेसिबलच्या खाली. वर गेलं तर फाटतं, ते नंतर दुरुस्त होत नाही.

अनिकेत: सुई उडत असेल तर वर एक रुपयाचं नाणं ठेव.

वसंतकाका: अजिबात नाही! खाच कायमची झिजते. सुईचा दाब छोट्या वजनकाट्याने मोज, बहुतेक सुयांना दीड ते अडीच ग्रॅम पुरतं. उडते ती धुळीने. डिस्टिल्ड वॉटर, मऊ मायक्रोफायबर, खाचेच्या दिशेने गोल पूस. मधलं कागदी लेबल भिजवू नकोस.

सौरभ: आणि टपालाने येणार असेल तर रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, त्याच्यामागे ठेवून पॅक करायला सांग. आत ठेवली की धक्क्याने कव्हरची शिवण फाटते.

मंदाआत्या: ऐकतेय सगळं. मुलींना गाण्याचा अर्थ समजतो का गं?

मुग्धा: आत्या, मोठ्या आहेत त्या. वेग मिनिटाला सव्वाशे ठोक्यांच्या आसपास आहे, त्यांची खरी काळजी दम टिकवण्याची आहे.

मुग्धा: फोटो आला. मागच्या यादीत ‘पुश इट’ आहे. उद्या स्वतः जाऊन घेते, टपाल नकोच.

वसंतकाका: दुकानात दोन्ही बाजू उजेडाकडे तिरकी धरून बघ. नखाला लागेल असा ओरखडा असेल तर घेऊ नकोस. आणि शैला, त्या करारावर नक्की सही कोणाची ते समजलं की इथे टाक.

शैलावहिनी: टाकते. आत्या, एक डबा माझ्याकडे आहे.