ब्लो ऑफ व्हॉल्व्ह: ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर दाबलेली हवा जाते कुठे?

ताम्हिणीकर

नमस्कार. माझ्याकडे बाराशे सीसीची टर्बो पेट्रोल गाडी असून ती आतापर्यंत ६८ हजार किलोमीटर धावली आहे. गेल्या महिन्यात माणगावहून पुण्याकडे येताना ताम्हिणीच्या चढावर एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जोरात ओढत असताना वळणासाठी ॲक्सिलरेटर सोडला, की बॉनेटमधून ‘फुस्स’ असा आखूड आवाज येतो, जो पूर्वी येत नसे. शिवाय त्यानंतर क्लच दाबून गाडी थांबवताना इंजिनाचे आरपीएम एकदम खाली जातात आणि सिग्नलवर गाडी बंद पडते की काय, असे वाटते.

माझ्या मावसभावाला गाड्यांचे भारी वेड आहे. त्याच्या मते हा आवाज म्हणजे टर्बो ‘मोकळा’ झाल्याचे लक्षण आहे, आणि आता कंपनीचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह काढून हवा बाहेर सोडणारा ॲल्युमिनियमचा ब्लो ऑफ व्हॉल्व्ह बसवला, की आवाज आणि पिकअप दोन्ही वाढतील. टर्बो कसा चालतो हे मला ढोबळ मानाने ठाऊक आहे. हा व्हॉल्व्ह मात्र नेमका कशासाठी असतो, वेस्टगेट म्हणतात तो हाच का, आणि भावाचा सल्ला ऐकावा का, हे कुणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

टेस्टबेडवाला

मी चाकणच्या पट्ट्यात इंजिनाच्या चाचण्यांचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. आधी वेस्टगेट बाजूला ठेवू. तो एक्झॉस्टच्या बाजूला असतो. टर्बाइनकडे, म्हणजे धुराच्या जोराने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाकडे, जाणारा काही धूर परस्पर सायलेन्सरकडे वळवून टर्बो किती दाब निर्माण करील, यावर तो मर्यादा घालतो. ब्लो ऑफ व्हॉल्व्ह स्वच्छ, थंड हवेच्या बाजूला, म्हणजे कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग) आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरसरशी उघडणारी-मिटणारी, इंजिनात जाणारी हवा अडवणारी चकती) यांच्या मधल्या नळीवर असतो. दोघांचा एकमेकांशी थेट संबंध नाही.

आता घाटातला तुमचा तोच क्षण घेऊ. बाराशे सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन ४ हजार आरपीएमवर फिरत असेल, तर ते मिनिटाला साधारण २४०० लिटर, म्हणजे सेकंदाला ४० लिटर हवा ओढते, आणि तीही टर्बोने आधीच दाबलेली. कॉम्प्रेसरचे मुठीत मावेल एवढे चाक त्या वेळी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असते. अशा स्थितीत तुम्ही पाय काढता आणि थ्रॉटलची चकती क्षणार्धात मिटते. इंजिनाने हवा घेणे जवळपास थांबवले, पण चाकाला ते कळलेले नाही. ते आपल्या गतीने हवा ढकलतच राहते. इंटरकूलर (दाबल्याने तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि नळ्या यांत कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो, आणि ज्या वाटेने ती आली त्याच वाटेने, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पात्यांमधून, उलटी फिरते. हवा उलटी गेली की दाब उतरतो, मग चाक पुन्हा ती पुढे ढकलते, पुन्हा दाब चढतो, पुन्हा हवा मागे. सेकंदात कितीतरी वेळा होणाऱ्या या हेलकाव्यालाच कॉम्प्रेसर सर्ज म्हणतात. चाकाला त्याचा ब्रेक लागतो आणि दांड्याला पुढे-मागे सरकण्यापासून रोखणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर उलटसुलट भार येतो.

ब्लो ऑफ व्हॉल्व्ह ही त्या कोंडलेल्या हवेला दिलेली दुसरी वाट आहे. त्याची रचना इतकी साधी आहे की पहिल्यांदा उघडून पाहिली तेव्हा मला जरा फसवल्यासारखेच वाटले होते. एक दट्ट्या किंवा रबरी डायफ्रॅम, त्याला मिटलेला ठेवणारी एक स्प्रिंग, आणि डोक्यावर करंगळीपेक्षा बारीक अशी एक नळी. ही नळी थ्रॉटलच्या पलीकडून, इनटेक मॅनिफोल्डवरून, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागावरून येते, आणि सगळी गंमत त्या नळीत आहे. तुम्ही पाय दाबलेला असताना मॅनिफोल्डमध्येही टर्बोचाच दाब असतो. दट्ट्याच्या खाली आणि वर जवळपास सारखाच दाब असल्यामुळे स्प्रिंग त्याला सहज मिटलेला ठेवते. पाय काढला की चित्र उलटते: थ्रॉटलच्या अलीकडे टर्बोचा दाब तसाच राहतो, पलीकडे मात्र सिलिंडर हवा ओढत असल्याने व्हॅक्यूम तयार होतो. दट्ट्याचा व्यास ३ सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर होते. खालून ०.८ बारचा (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका) दाब त्याला साडेपाच किलोहून अधिक जोराने वर लोटतो आणि वरून ०.६ बारचा व्हॅक्यूम चार किलोहून अधिक जोराने ओढतो. दोन्ही मिळून १० किलोच्या आसपास जोर लागतो, त्यापुढे स्प्रिंगचे काही चालत नाही आणि झडप उघडते. पुन्हा पाय दिला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जातो आणि ती आपसूक मिटते. अलीकडच्या अनेक गाड्यांत हेच काम विजेवर चालणारा सोलेनॉइड इंजिन कॉम्प्युटरच्या हुकमाने करतो. काही नव्या लहान इंजिनांत थ्रॉटल आणि वेस्टगेट दोन्ही विजेवर नेमके हलवता येत असल्यामुळे ही झडप दिलेलीच नसते.

एक जुनी गोष्ट यानिमित्ताने सांगतो. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअरची मोन्झा स्पायडर या टर्बो असलेल्या पहिल्या मोटारी विक्रीला आल्या. त्या दोन्हींत हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, आणि त्याच्यासोबत थ्रॉटलही, कॉम्प्रेसरच्या आधी होता. तिथे पाय काढला की कॉम्प्रेसरला मिळणारी हवाच बंद होई, त्यामुळे पुढे काही कोंडायचा प्रश्नच येत नसे. थ्रॉटल कॉम्प्रेसरच्या पुढे गेला, मध्ये लांब नळ्या आणि इंटरकूलर आले, तेव्हा या झडपेची गरज खऱ्या अर्थाने भासू लागली.

सांगलीचा फिटर

वरचे विवेचन उत्तम आहे. मी गॅरेजच्या बाजूने भर घालतो, कारण ताम्हिणीकरांच्या प्रश्नातला महत्त्वाचा भाग मला ‘फुस्स’मध्ये नसून गाडी बंद पडू पाहते त्यात दिसतो.

झडप उघडल्यावर हवा कुठे सोडायची, याचे दोन प्रकार आहेत. कंपनीच्या बहुतेक गाड्यांत ती एका जाड रबरी नळीने कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, म्हणजे एअर फिल्टरनंतरच्या पाइपात परत नेतात. बाजारात मिळणारे आवाजाचे व्हॉल्व्ह हीच हवा उघड्यावर सोडतात. ज्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, तिथे या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सेन्सरने हवा मोजली, कॉम्प्युटरने तेवढ्या हवेसाठी पेट्रोल ठरवले, आणि मोजलेली हवा मात्र सिलिंडरपर्यंत पोचलीच नाही. ती बॉनेटमध्ये निघून गेली. मग हवा कमी आणि पेट्रोल जास्त, असे मिश्रण होते. पाय काढल्यावर आरपीएम नको तितके पडणे, सायलेन्सरमधून काळा भपकारा किंवा फटका येणे, सिग्नलवर इंजिन अडखळणे, ही सगळी त्याची लक्षणे आहेत. ज्या गाड्या हवा न मोजता मॅनिफोल्डमधल्या दाबावरून पेट्रोल ठरवतात, त्यांना हा त्रास फारसा होत नाही. म्हणूनच एकाच्या गाडीला चाललेला व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या गाडीला चालेलच, असे नसते.

तुमच्या गाडीत कुणी काही बदललेले नसताना हीच लक्षणे दिसत आहेत. त्यामुळे परतीची जाड नळी निसटली किंवा चिरली असावी, असा माझा अंदाज आहे. इंजिन थंड असताना ती दोन्ही टोकांपासून हाताने चाचपून पाहा. क्लॅम्पच्या खाली आणि वळणाच्या आतल्या बाजूला विशेष पाहा, कारण रबर तिथेच तडकते. नळी चांगली निघाली, तर झडपेच्या डोक्यावरची बारीक नळी काढून तिथे हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लावा, अर्ध्या बारपर्यंत ओढा आणि काटा स्थिर राहतो का ते बघा. काटा घसरत खाली आला, तर डायफ्रॅम फाटला आहे असे समजावे. गॅरेजवाल्याकडे असा पंप नसेल, तर दुसरा गॅरेजवाला शोधावा.

ताम्हिणीकर

दोघांचेही मनापासून आभार. येत्या रविवारी नळी तपासतो. दरम्यान दोन शंका आहेत. भावाने मला काही व्हिडिओ दाखवले, त्यांत पाय काढल्यावर ‘तुतुतुतु’ असा पाखरू फडफडल्यासारखा आवाज येतो, आणि खाली सगळे त्याला वेस्टगेटचा आवाज म्हणतात. तो खरोखर वेस्टगेटचा असतो का? आणि बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हने पिकअप वाढतो, हे कितपत खरे आहे?

टेस्टबेडवाला

तो आवाज वेस्टगेटचा नाही. पाय काढल्याच्या क्षणी वेस्टगेटला असा फडफडाट करण्याचे काही कारणच नसते. हवा पात्यांमधून पुढे-मागे हेलकावते, असे मी वर लिहिले, तोच हा आवाज आहे. म्हणजे ब्लो ऑफ व्हॉल्व्ह काढून टाकलेला आहे, किंवा त्याची स्प्रिंग इतकी ताठ आहे की तो उघडत नाही. लोक हौसेने पैसे मोजून सर्ज ऐकतात, याची मला आजही मौज वाटते. कमी दाबावर, अधूनमधून होणाऱ्या सर्जने टर्बो लगेच मोडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण पाय पूर्ण दाबलेला असताना, कमी आरपीएम आणि जास्त दाब अशा स्थितीत होणारा सर्ज वेगळा आणि अधिक घातक असतो. त्यावर ही झडप उपाय नाही, कारण त्या वेळी ती मिटलेलीच असते.

पिकअपबद्दल म्हणाल, तर झडप उघडल्यामुळे चाकाची गती टिकते आणि गिअर बदलून पुन्हा पाय दिल्यावर दाब लवकर चढतो, हे तत्त्व बरोबर आहे. परंतु हे काम कंपनीची झडपही करतेच. धातूच्या झडपेचा खरा फायदा तेव्हा, जेव्हा इंजिनाचा दाब मुळापेक्षा बराच वाढवलेला असतो आणि जुनी झडप त्या दाबाने आपोआप किलकिली होऊन हवा गळू देते. तुमची गाडी कारखान्यातून आली तशीच आहे. तिच्यात ताकद वाढण्याजोगे काही घडणार नाही.

सांगलीचा फिटर

एक गोष्ट राहिली. बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ असेल, तर इंजिन आयडलिंगला असतानाही मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम तो थोडा उघडा धरतो. मग त्या फटीतून फिल्टर न झालेली हवा आत येऊ शकते. आमच्याकडे ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टरांमागे गाडी चालवली, तर त्या हवेत काय असते, हे वेगळे सांगायला नको.

डिझेलप्रेमी

थोडी आडवाट करतो, क्षमस्व. माझी डिझेल गाडी आहे, तिलाही टर्बो आहे, पण असा व्हॉल्व्ह मला कुठेच सापडला नाही. इंटरनेटवर मात्र डिझेलसाठीचे किट सर्रास विकतात. ते खरे असतात का?

टेस्टबेडवाला

तुमच्या गाडीत तो नसणेच योग्य आहे. पेट्रोल इंजिनाची ताकद हवा अडवून कमी केली जाते. डिझेलची ताकद इंधन कमी करून. तुम्ही पाय काढता तेव्हा डिझेल कमी सोडले जाते, हवेची वाट मात्र मोकळीच राहते, त्यामुळे कोंडायला काही उरत नाही. नव्या डिझेल गाड्यांत इनटेकला एक झडप दिसेल, पण ती एक्झॉस्टचा काही धूर पुन्हा आत घेण्यासाठी, एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी आणि इंजिन बंद करताना हादरा बसू नये म्हणून असते. बाजारातले डिझेल किट पेडलवरच्या स्विचने विजेची झडप उघडते आणि कष्टाने दाबलेली हवा केवळ आवाजासाठी फुकट घालवते.

आपल्याकडे कितीतरी वर्षे टर्बो म्हणजे डिझेलच असे समीकरण होते. २०१३ साली चाकणमध्ये तयार होणारी पोलो जीटी टीएसआय आणि २०१४ साली टाटांची झेस्ट आली, तेव्हापासून टर्बो पेट्रोल सर्वसामान्यांच्या दारात येऊ लागली. ही झडप अनेकांना नवी वाटते, ती बहुधा त्यामुळेच.

ताम्हिणीकर

रविवारचा वृत्तांत देतो. फिटरसाहेबांचा अंदाज तंतोतंत बरोबर ठरला. परतीची जाड नळी वरून धडधाकट दिसत होती. क्लॅम्प सैल करून ती फिरवली, तेव्हा वळणाच्या आतल्या अंगाला, पेराएवढ्या लांबीची चीर दिसली. नळी दोन्ही हातांनी वाकवली की चीर तोंडासारखी उघडत होती आणि सोडली की मिटत होती. भोवतीच्या रबरावर धुळीचा तेलकट थर साचला होता, म्हणजे हवा तिथूनच येत-जात असणार.

याचा अर्थ असा, की भाऊ जो बदल पैसे घेऊन करायला सांगत होता, तो माझ्या गाडीने स्वतःच, फुकटात करून घेतला होता. भावाला ती नळी नेऊन दाखवली. त्याने ती बराच वेळ उलटसुलट वाकवून पाहिली आणि आवाज चांगला येत होता, एवढेच म्हणाला. नवी नळी बसवल्यावर ‘फुस्स’ थांबले आहे आणि सिग्नलवर आरपीएमचा काटा जागेवर राहतो. व्हॅक्यूम पंपाचीही चाचणी करून घेतली. काटा अर्ध्या बारवर लावला आणि चहा होईपर्यंत तो हलला नाही.