अंधारं जग म्हणजे नुसता रंगबदल नाही

'झेल्डा' मालिकेतल्या 'अ लिंक टू द पास्ट' या व्हिडिओ गेमच्या उत्तरार्धातलं अंधारं जग म्हणजे पहिलाच नकाशा रंग बदलून परत दिलाय आणि त्यातला बर्फाचा महाल कंटाळवाणा आहे, असं तुम्ही लिहिलंय. यातलं पहिलं मत मला मुळीच पटत नाही. १९९१ साली निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या गेम कन्सोलवर आलेल्या या खेळाचं कार्ट्रिज अवघं ८ मेगाबिटचं, म्हणजे १ मेगाबाइट. तेवढ्या जागेत दोन जगं आहेत, आणि त्यांच्या सारखेपणातूनच कोडी तयार होतात. उजेडातल्या जगात एखाद्या कड्यावर चढायला वाटच नसते. मग अंधाऱ्या जगात नेमकी तीच जागा शोधायची आणि तिथे उजेडातल्या जगात परत नेणारा आरसा वापरायचा. खेळता खेळता दोन्ही नकाशे डोक्यात एकमेकांवर ठेवायची सवय लागते.

बासरीवाल्या मुलाचं तर विसरूच नका! अंधाऱ्या जगात तो प्राण्याच्या रूपात अडकलेला भेटतो आणि आपल्याला फावडं देतो. उजेडातल्या त्याच राईत खणून बासरी काढायची आणि परत जाऊन त्याला ऐकवायची. ती ऐकताच त्याचं झाड होतं. मोजून चार संवाद असतील, पण मला अजूनही गलबलून येतं. संगीतकार कोजी कोंदोंचं संगीतही त्याला साजेसंच.

बर्फाचा महाल मात्र कंटाळवाणा आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. एक ठोकळा खालच्या मजल्यावर पाडण्यासाठी केवढी पायपीट! नव्याने खेळणाऱ्यांनी तिथे खुशाल नकाशा बघावा. पण त्या एका महालासाठी अख्खा उत्तरार्ध निकालात काढू नका.