नर्गिसी कोफ्ते तळताना उकलतात, मदत हवी आहे

काल दुसऱ्यांदा नर्गिसी कोफ्ते फसले. अर्धा किलो मटणाचा खिमा, 6 उकडलेली अंडी, आलं-लसूण, हिरवी मिरची, गरम मसाला, एक कच्चा कांदा बारीक चिरून आणि दोन चमचे डाळ्याचं पीठ. अंड्यावर खिमा नीट थापला, तेलात सोडला, आणि मिनिटभरात एका बाजूने चीर पडून आतलं पांढरं अंडं डोकावायला लागलं. उलटताना तर खिम्याची टोपी एकीकडे, अंडं दुसरीकडे! घरच्यांनी 'खिमा-अंडा मसाला' म्हणून मिटक्या मारत खाल्लं, ते सोडा.

मला संशय पाण्याचा आहे. खिमा धुऊन चाळणीत जेमतेम दहा मिनिटं ठेवला होता, त्यात कांद्यालाही पाणी सुटलं. की अंडंच गुळगुळीत म्हणून खिमा धरत नाही? त्यावर आधी कोरडा मैदा चोळतात का? काहीजण खिमा चणाडाळीबरोबर शिजवून, वाटून घेतात. कच्च्यापेक्षा तो जास्त धरतो का?

आणखी एक, कोफ्ते अर्धे कापून रश्श्यात कधी सोडायचे? उकळीत घातले तर पिवळा बलक विरघळून रस्सा गढूळ होतो. ग्रेव्ही मात्र फक्कड जमते हं, तिचं सांगू नका.