टॉमकॅट १० वर जुनी वॉर फाइल टाकली की ४०४, अपाचेतून ५०३, काय करू?

शिरोलीकर:
शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं स्टॉकचं सॉफ्टवेअर हाय, जुनं स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क), टॉमकॅट ८.५ (जावाची ॲप चालवणारा सर्व्हर) वर निवांत चालतंय. टेस्टिंगला दुसऱ्या मशीनवर उबुंटू टाकून टॉमकॅट १० हातानं बसवला, वॉर (ॲपची पॅक केलेली फाइल) त्याच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकली. ८०८० ला टॉमकॅटचं पान येतंय पण पुढं /स्टॉक टाकलं की ४०४, म्हंजे पान सापडत नाही. कॅटालिना डॉट आउट या लॉगमध्ये लिसनर (ॲप सुरू होताना चालणारा भाग) सुरू झाला नाही एवढंच. टॉमकॅटच्या पुढं अपाचे वेब सर्व्हर हाय, त्याची कॉन्फिग जुन्या मशीनवरनं जशीच्या तशी उचलली, तिथं ५०३, म्हंजे सेवा उपलब्ध नाही. फायरवॉल बघितला, परमिशन बघितल्या, जावा परत टाकला, काय फरक नाही आणि मालक रोज विचाराय लागलाय.

रंकाळा_रूट:
भावा हे दोन वेगळे आजार हायत, एकात एक घालू नको. आधी ४०४. लॉग्समध्ये लोकलहोस्ट आणि तारीख अशा नावाची फाइल असत्या, खरं रडगाणं तिथं. जावाएक्स सर्व्हलेटचा क्लास सापडत नाही असं दिसंल बघ. टॉमकॅट १० पासनं पॅकेजचं नावच जावाएक्सचं जकार्ता झालंय, जुन्या वॉरला ते कळत नाही. वेबॲप्सच्या शेजारी वेबॲप्स-जावाईई फोल्डर करून त्यात वॉर टाकलीस तर १० स्वतःच बदलून घेतो. पण मी म्हणतो ९ टाक की, उगं जुन्या कोडशी कोण झुंजणार.

निळी_शाई:
५०३ चं मी सांगते. जुन्या फाइलमध्ये प्रॉक्सीपास (मागणी टॉमकॅटकडे पाठवणारी ओळ) एजेपीवर (अपाचे-टॉमकॅटमधला एक प्रोटोकॉल), ८००९ पोर्टला असणार. २०२० ला घोस्टकॅट नावाचं सुरक्षेतलं भोक सापडलं, त्यानंतर टॉमकॅट ९.०.३१ पासून एजेपी कनेक्टर मुळातच बंद येतो, मग अपाचे बिचारा बंद दार वाजवत बसतो. सरळ एचटीटीपीनं ८०८० ला जोडा, अपाचेचं प्रॉक्सी_एचटीटीपी मॉड्यूल चालू करा, कॉन्फिगटेस्ट (कॉन्फिगची तपासणी) करून मगच रीस्टार्ट. नेटवर कुठंतरी टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमधली एजेपीची कमेंट काढून सीक्रेट (पासवर्डसारखी अट) बंद करा असं लिहिलेलं सापडेल, ते करू नका.

शिरोलीकर:
९ टाकला, एचटीटीपीनं जोडलं, दोन्ही चालू! पण पत्ता छोटा करावा म्हणून /स्टॉक काढून नुसत्या / वर आणलं तर लॉगिन केलं की परत लॉगिनच समोर.

निळी_शाई:
लॉगिन लक्षात ठेवणारी सेशनची कुकी /स्टॉक पाथची निघते, ब्राउझर ती / ला पाठवत नाही. अपाचेत प्रॉक्सीपासरिव्हर्सकुकीपाथ (कुकीचा पाथ बदलणारी ओळ) लावा, नाहीतर वॉरचं नाव रूट करा, कॅपिटल अक्षरात.

रंकाळा_रूट:
रूट करताना आधीचं रूट फोल्डर उडव, न्हाईतर परत ते टॉमकॅटचंच पान बघत बसशील.