मदत हवी आहे: पाच वर्षांच्या भाचीला ‘क्लाउस’ दाखवू का?

नाताळच्या सुट्टीत नणंदेची मुलं राहायला येतायत. धाकटी पाचची, थोरला तेराचा, शिवाय घरात सासूबाई. सगळ्यांनी मिळून बघायला मी दिग्दर्शक सर्जिओ पाब्लोसचा २०१९चा अ‍ॅनिमेशनपट ‘क्लाउस’ ठरवलाय, नेटफ्लिक्सवरचा. मला तो फार आवडतो. चित्रं हाताने काढलेली, पण उजेड-सावलीचं काम असं की माणसं पडद्यातून उठून दिसतात. विनोदही बाळबोध नाही. वर्षभरात ६,००० पत्रं पोचवायची सक्ती झालेला लाडावलेला पोस्टमन काय, शाळेच्या खोलीतच मासळीचं दुकान मांडून बसलेली बाई काय!

अडचण धाकटीची. तिचा सांतावर ठाम विश्वास आहे, आणि इथे सांताची दंतकथा कशी तयार झाली हेच दाखवलंय. धुराड्यातून घरात शिरतो तो चक्क पोस्टमन! तिने प्रश्नांचा भडिमार केला तर काय सांगायचं?

आणि शेवट. (न पाहिलेल्यांनी पुढची दोन वाक्यं गाळा.) खेळणी बनवणारा म्हातारा क्लाउस वाऱ्यामागे चालत जातो आणि दिसेनासा होतो. मुलांचे आजोबा यंदाच गेले, म्हणून जास्त धास्ती वाटते.

एवढ्या लहान मुलांबरोबर कुणी पाहिलाय का? सासूबाईंना इंग्रजी झेपत नाही, तर हिंदी डबिंग आहे का, आणि बरं आहे का? की आधी आर्डमन स्टुडिओचा ‘आर्थर ख्रिसमस’ हा अ‍ॅनिमेशनपट लावू? त्यात सांता खराखुरा आहे, आणि एका मुलीची राहून गेलेली सायकल पोचवायची सगळी धांदल. थोरला मात्र ‘हे बाळांचं आहे’ म्हणून उठून जाईल का?